नांगर

गॅसवाल्याने विचारलं, पत्ता काय लिहू?
हे म्हणाले, गंगापूर धरण,
सावरगावच्या अंगाला,
वारा पूर्वेचा असला तर जरा अलीकडे.
त्याने पेन खिशात ठेवलं.
सिलिंडर आम्ही अजून नणंदेच्या पत्त्यावरच घेतो.

सातपूरच्या शेडमध्ये दोन वर्षं वेल्डिंग करून
यांनी होडी केली. बावीस फूट. वर पत्र्याची खोली.
मागे हौसेने रंगवलं: एमएच पंधरा.
इंजिन नाही. शहर हेच पाणी पितं,
म्हणून साबणसुद्धा किनाऱ्यावर, बादलीत, लांब.
दिवाळीचे आकाशकंदील उतरले त्या दिवशी
फ्लॅटला कुलूप घातलं
आणि मी दोन गोधड्या, मिसळणाचा डबा घेऊन चढले.
थंडी संपेपर्यंत, असं ठरलं होतं.
कोणी ठरवलं, आठवत नाही.

थंडी म्हणजे काय ते पाण्यावर कळतं.
आपलाच श्वास रात्रभर पत्र्याला चिकटतो
आणि पहाटे थेंब-थेंब परत मिळतो,
बरोब्बर भुवयांच्या मध्ये.
खोबरेल तेलाचा दगड. काडेपेटी सादळलेली.
रेडिओ सांगतो, निफाड साडेचार.
तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील,
इकडे आम्ही कुकरला हात लावून बसतो
झाकण पडेपर्यंत.
नऊला अंजनेरी येते,
आधी माथा, मग सावकाश बाकीची.
एकतीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस
आता चक्रवाकांवर उठतो
आणि त्यांना शिव्या देत नाही.

चंपाषष्ठीला भरीत-रोडगा केला, स्टोव्हवर जमेल तसा.
दुसऱ्या दिवशी आवर्तन सुटलं.
पाणी उतरताना आवाज करत नाही.
रात्री दोनला भरताचं पातेलं आपोआप चालू लागलं,
मागोमाग कंदील,
मागोमाग हे, घरंगळत थेट माझ्या अंगावर.
किती वर्षांनी.
तशाच तिरक्या फळीवर आम्ही हसत पडून राहिलो.
उजाडेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

सकाळी चहूकडे गाळ.
रोज ट्यूबवर बसून जाळी काढायला येणारा पुंजाराम
आज चालत आला, चपला हातात घेऊन.
म्हणाला, हे आमचं वावर. म्हाताऱ्याचं.
तुमी बांधावरच ऱ्हायलात महिनाभर.
पाणी सरकलं की तो मागोमाग पेरत येतो,
गाळपेर, हरभरा.
आमच्यामुळे त्याची पेरणी अडली होती,
हे त्याने सांगितलं नाही. बी मात्र खांद्यावर होतं.

चार माणसं लावून होडी पाण्यात ढकलली.
मग गाळात एक लांब तिरकी रेघ दिसली,
वाऱ्याने आम्हाला ओढलं होतं त्या रात्रीची.
ह्यो तास कोणी काढला?
नांगराने, हे म्हणाले,
आणि चार आकड्यांचं लोखंड उचलून दाखवलं.
पुंजारामने ते उलटंपालटं करून पाहिलं.
तुमच्यातपण नांगरच म्हणतेत याला?
नांगरच.
फाळ कुठंय मग?
हे काही बोलले नाहीत.
पुंजारामने बी मुठीत घेतलं
आणि पहिलं त्या रेघेतच टाकलं.

माघ सरला. दुपारी आता पत्रा तापतो.
फ्लॅटची किल्ली मिसळणाच्या डब्यात आहे,
मोहरीच्या वाटीखाली,
मी बघून ठेवलीय, काढलेली नाही.
मधल्या पाण्यातून त्याचं हिरवं दिसतं,
सरळ ओळी आणि त्यांना कापत गेलेली एक वेडीवाकडी.
काल त्याने पदरभर सोलाणे आणून दिले.
कोणत्या ओळीतले, ते विचारायचं राहिलं.