चार सेकंदांची जागा

आमच्या मालिकेत पक्कडराव नावाची एक पक्कड आहे.
लाल मूठ, जाड भुवया, एक दात पडलेला.
दात पाडायची सूचना माझी.
पकडीला दात असतात
हे त्या मीटिंगमध्ये फक्त मलाच माहीत होतं.

अकरा मिनिटांत गल्लीत काहीतरी मोडतं
आणि त्याच अकरा मिनिटांत जोडलं जातं.
मोडायचं ते लहान हवं: झोपाळ्याची कडी,
सायकलची घंटी, टपालपेटीचं झाकण.
वीज नको, गॅस नको, उंच शिडी नको.
दोनदा फसायचं, तिसऱ्यांदा जमायचं.
वाक्य दर वेळी तेच, पोरांना पाठ व्हावं असं:
"आधी बघू, मग धरू, मग हळूच फिरवू."
आणि मोडण्यात कुणाचीच चूक नसते.
हे नियमांच्या वहीत ठळक अक्षरांत.

मी हे सगळं नेरूळमध्ये बसून लिहिते,
सिडकोच्या दुसऱ्या मजल्यावर,
छताला पडलेल्या डागाखाली.
डाग आधी पेरूएवढा होता,
आता त्याला खाड्या फुटल्यात.
वर तांडेल.
सोसायटीला माझी तीन पत्रं, त्यांची दोन उत्तरं,
एक मिस्त्री म्हणाला पाइप,
एक म्हणाला टाइल,
एक आलाच नाही.
वहीत चौथ्या खेपेची सोय नाही.
आणि आमच्या जिन्यात आधी चूक ठरते,
मग पान्याला हात.

लिहायला सगळ्यात अवघड जागा मध्यावर येते.
पक्कडराव काम थांबवतो, सरळ समोर बघतो,
विचारतो, "आता काय करूया?"
आणि गप्प बसतो.
चार सेकंद. संगीतसुद्धा नाही.
नुसत्या वर गेलेल्या भुवया.
संकलक केदार म्हणतो, एवढ्यात पोरं चॅनल बदलतात, दोन कर.
मी भांडून चार ठेवलेत,
कुणासाठी ते नीट सांगता आलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी
मोरीतली बादली बदलायला गेले
तर वरून, डक्टमधून,
माझंच वाक्य खाली आलं.
मी नळ बंद केला.
"आता काय करूया?"
एक. दोन. तीन. चार.
"बरोब्बर! घट्ट धरूया!" म्हणत पक्कडराव पुढे गेला
आणि त्याच्या बोलण्यावर चढून, उशिरा,
एक जाड, जपून उचललेला आवाज:
"ध… रू."

तांडेलांची मनवा. साडेपाच वर्षांची.
जिन्यात तिला बोलताना कधी ऐकलं नव्हतं.
मला वाटायचं, पत्रांमुळे असेल,
खालच्यांशी बोलायचं नाही, असं घरात ठरलं असेल.

रात्री केदारला फोन केला: सहा हवेत.
तो हसला. म्हणाला, सहा सेकंद गप्प
म्हणजे लोकांना वाटेल टीव्ही बिघडला.
वाटू दे, म्हटलं, दुरुस्तीचीच मालिका आहे.
बघतो म्हणाला. अजून बघतोय.

काल वर गेले.
चौथं पत्र घडी करून मुठीत.
दार हिराजी तांडेलांनी उघडलं.
खिडकीच्या गजाला जाळं ताणून बांधलेलं,
दातांत नायलॉनचा दोरा.
होडी विकून किती वर्षं झाली,
पण सारसोळ्याहून फाटकी जाळी अजून यांच्याकडेच येतात.
मागे मनवा, हातात जाळं विणायची सुई,
एका भोकात तिचं बोट अडकवून ठेवलेलं,
आजोबांना जागा सापडावी म्हणून.

"डाग मोठा झाला का गो?" त्यांनी दोऱ्याआडून विचारलं.
मुठीतला कागद ओला झाला होता, घामाने.
मी म्हटलं, "आता काय करूया?"
आणि वहीत लिहिलंय तशी गप्प राहिले.

त्यांनी दोरा तोंडातून काढला.
मनवाने मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलं.
असं ती कुणाकडे बघते, मला ठाऊक होतं.
चार झाले.
पाच.
मी भुवया तशाच वर धरून ठेवल्या.