खालचा पत्रा

जिलानीनं जाळी काढली आणि आधी गवत हुंगलं.
"वहिनी, हे तीन उन्हाळे बदललेलं नाही."
दोन, मी म्हणाले.
पेचकस त्यानं तळाला नुसता टेकवला
तर पेचकस आरपार,
आणि फरशीवर चहाच्या रंगाचं पाणी.

मग विड्यांच्या पुड्याच्या कागदावर लिहिलं त्यानं:
मोटार भरणे. पंप. तिन्ही बाजूंचं गवत.
खालचा पत्रा, वेल्डिंग, वरून डांबर.
एकोणीसशे.
रेघ मारून त्याखाली, मी न विचारता:
नवा, प्लास्टिकचा, चाकंवाला,
गंजायचं नाव नाही, साडेनऊ हजार.

मी पैसे पैशांत मोजत नाही.
एकोणीसशे म्हणजे साडेनऊ हजार विड्या,
आणि साडेनऊ हजार म्हणजे
सत्तेचाळीस हजार आणि वर पाचशे,
छाट म्हणून बाजूला टाकतात त्या सोडून.

एप्रिलचा दुसरा आठवडा. त्रेचाळीस.
नीलमनगरात दुपारी सूप मांडीवर घ्यावं
तर पान कात्री लागायच्या आधीच मोडतं.
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते पानं.
माणसांना गुंडाळायला एवढं फडकं नाही.

भार्गव पुण्याहून म्हणाला, आई, फेक ते डबडं,
अर्धे मी पाठवतो.
त्याचे वडील म्हणाले, भंगारात जाईल की,
चाळीस किलो तरी भरंल,
आणि उठून त्याला धरून हलवून बघितलं,
बैल घेताना बघतात तसं.

कन्ना चौकात जाऊन आले मी.
खोटं कशाला बोलू, वारं गार होतं.
दुकानातल्या पोरानं तीनवर केला
आणि मी त्याच्यापुढं उभी राहिले पदर सैल सोडून,
विकत घेणारी बाई उभी राहते
त्याहून जास्त वेळ.
"आणि आवाज बघा मावशी," पोरगं म्हणालं.
"आवाजच नाही."

येताना रिक्षात तेवढंच डोक्यात.
आवाजच नाही.

मल्लेशम मामांचा एक कान मागांनी पूर्ण नेला,
दुसरा अर्धा ठेवला.
माग विकले त्या वर्षी
(तेही किलोनंच)
ते रात्रभर खाटेवर बसून असायचे.
घरात कुणी गेलंय का, विचारायचे,
एवढं गप्प का आहे सगळं?
मार्चमध्ये हा कूलर लावला.
दोन-चार दिवसांत पातं जाळीला घासायला लागलं,
खट्, खट्, खटाखट्.
मामा आडवे झाले.
"रात्रपाळी सुरू झाली," तेलुगूत एवढंच म्हणाले,
आणि घोरायला लागले.
आम्ही तिघं जागे. कुणी उठून
पातं सरळ केलं नाही.

यातलं जिलानीला काही सांगितलं नाही.
दुरुस्त कर म्हटलं.
तो म्हणाला, बघा हं, यंदा खालचा पत्रा,
पुढच्या साली बाजूचा, जुन्याला अंत नाही.
तेही खरंच होतं. मी पाच मिनिटं
कागदावरच्या रेघेकडं बघत बसले,
वरचा आकडा, खालचा आकडा,
आणि भार्गवला फोन लावता लावता ठेवून दिला.
कर, म्हटलं.
"मग पातं सरळ करतो, बुश पण टाकतो. फुकट.
खडखड जाईल."
ते राहू दे.
त्यानं पुन्हा विचारलं.
ते राहू दे रे.

पाचव्या दिवशी पाणी आलं, पहाटे तीनला.
पहिल्या चार घागरी कूलरला ओतल्या.
घरभर डांबराचा वास,
मामांच्या खाटेकडून घोरणं, आणि खट्, खट्.
गळत नाही ना, म्हणून खाली ताट सरकवून ठेवलं.

सकाळी ताटात पाणी होतं.
जास्त नाही, बोटभर.
उचललं, आणि परत वरून ओतलं.