सहावी भेट

डंडीत चारलाच अंधारतं.
पाच भेटी इफ्राह नुसतं "बरंय" म्हणाली,
हीटरबद्दल बोलली,
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाबद्दल,
आईला फोनवर सांगते तेच सगळं.

विद्यापीठ सहाच भेटी देतं, फुकट.

आज कोट न काढताच म्हणाली,
"लायब्ररीत रात्री पहारेकरी
कार्ड फक्त माझंच बघतो.
रोज. तोच माणूस.
आता मी वळणावरच ते काढून हातात धरते.
त्याचीच जास्त लाज वाटते."

अजोआबाईंनी पेनाला टोपण लावलं.
गळ्यातली पट्टी ओढून
कडा झिजलेलं कार्ड टेबलावर ठेवलं.
"एकोणीस वर्षं झाली मला इथं."

मग दोघी हसल्या का, कोण जाणे.
बाहेर बाकावरच्या मुलानं
दोनदा घड्याळ पाहिलं.