उभ्या उभ्या

"एकदाच पडली होती. तीही उभ्या उभ्या,"
उर्पो म्हणाला, एका हाताचा मोजा काढून
नोटा मोजता मोजता.
नोव्हेंबरात मोटरसायकल विकणारा घाईत असतो.
घेणारी बाई वेडी असते,
नाहीतर स्वस्ताईला भुललेली.
मी दोन्ही.

ओउलूपर्यंत ती ट्रेलरवर आली, बर्फ अंगावर घेत,
माझ्या मागच्या आरशात लाल, टोकदार,
चिडलेल्या गांधीलमाशीसारखी.
गॅरेजात हीटर लावला.
फेअरिंगला सतरा स्क्रू असायला हवे होते.
अकरा निघाले, त्यातले चार
कुठल्याशा कपाटाचे.
उजव्या अंगाला प्लास्टिकखाली फायबरचा थर,
त्यावर लांबी, लांबीवर रंग, रंगावर स्टिकर,
आणि सगळ्यात वर उर्पोचा शब्द.
उभ्या उभ्या पडलेली गाडी
इतकी घासत जात नाही.

दिवसा मी बस चालवते.
सहा अठरा म्हणजे सहा अठरा,
थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी
वेळेआधी निघायचं नाही.
बावीस वर्षांत माझ्या ब्रेकने
कुणाची कॉफी सांडलेली नाही.
मग हे काय, असं बहीण विचारते.
टायर कितीला पडले
ते तिला अजून सांगितलेलं नाही.

जुन्या टायरच्या कडेला चार आकडे होते:
सदतिसावा आठवडा, दोन हजार सहा.
माझा मुलगा तेव्हा दात पडायच्या वयात.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचा संसार,
सीटचा फोम, सूर्यफुलाची टरफलं,
आणि कुरतडलेली एक पावती,
तिच्यावर उरलेलं: ब्रेमेन.
गाडी जर्मनीत होती हे उर्पो बोलला नव्हता.
उंदीर बोलला.

कार्ब्युरेटर चार. तळाशी हिरवट राळ.
जेट दिव्यासमोर धरायचा,
केसाएवढा उजेड दिसला की पास.
तिसऱ्यातून दिसेना.
शेजारच्या रेइयोने गिटारची तार आणली, सगळ्यात बारीक,
आणि दोन तास स्टुलावर बसून
दोन वाक्यं बोलला.
"तार परत नको."
आणि जाताना, दारातून, "फोर्क गळतोय."

गळत होता. सील बदलले.
चेन बदलली. ब्रेकच्या भेगाळलेल्या नळ्या काढून
स्टीलच्या विणीच्या घातल्या.
मागचं स्प्रिंग कुण्या शंभर किलोच्या माणसासाठी
पिळून ठेवलेलं. चार घरं सैल केलं.
तेव्हा पहिल्यांदा ती माझ्याखाली खचली,
हळूच,
कुणी खुर्ची पुढे सरकवून द्यावी तशी.

मार्चात, बाहेर उणे एकोणीस असताना,
नवव्या खेपेला ती पेटली.
आधी एक सिलिंडर, मग तीन,
मग काहीतरी गिळल्यासारखं करून चार.
रेइयोचा कुत्रा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

एप्रिलातल्या एका गुरुवारी
सगळं जिथल्या तिथे, प्रत्येक बोल्टने
पान्यात आपली टिकटिक देऊन झालेली.
तिला मागच्या स्टँडवरून उतरवली.
बाजूचा स्टँड लावलाय असं मला वाटलं.
त्याला तसं वाटलं नव्हतं.
ती गेली. डावीकडे, शून्य वेगाने,
आणि मला वेळच वेळ होता:
धरायला, ओरडायला, पाय बाजूला घ्यायला.
त्यातलं शेवटचंच जमलं.

नवाकोरा क्लच लिव्हर काडकन तुटला.
नाण्याएवढा रंग उडाला, खाली लांबी नव्हती,
साधं, प्रामाणिक, पांढरं प्लास्टिक.
रेइयो कुंपणावरून आला.
एका अंगाने त्याने धरली, एका अंगाने मी.
तिसरं वाक्य त्याने खर्च केलं नाही.

लिव्हर टपालात आहे.
रस्त्यावर हिवाळाभर टाकलेली खडी पडून आहे,
तीवर या टायरांनी जाणं म्हणजे
गोट्यांवरून नाचत जाणं.
कधी विकलीच, तर मीही
मोजा काढून नोटा मोजता मोजता म्हणेन,
एकदाच पडली. उभ्या उभ्या.
घेणारा मान डोलवेल,
आणि वाकून उजवी बाजू बघेल.

दोन गल्ल्या पलीकडे
झाडणाऱ्या ट्रकचा आवाज येतोय.