तिसरा रकाना

वहीच्या पानाला दोन घड्या घातल्या की तीन रकाने होतात.
पहिल्यात डिस्प्निया, एपिगॅस्ट्रियम, मायाल्जिया.
दुसऱ्यात धाप, बेंबीच्या वरचं पोट, अंगदुखी.
तिसरा कोरा ठेवून
मी परभणीहून बडोद्याला आले.

दांडिया बाजारातल्या घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या,
इथं मराठी चालते गं, चार पिढ्यांची.
पहिल्याच रात्री म्हणाल्या, बारी लाव, मच्छर येतील.
बारी म्हणजे खिडकी
हे मला दार लावून आल्यावर समजलं.

गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते.
वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी कुणी सोडून न्यावी
आणि कपडे तसेच हवेत राहावेत,
असा दिसला सयाजी हॉस्पिटलचा फलक.

आत सर इंग्रजीत विचारत, मी इंग्रजीत सांगे.
मध्ये ज्याचं पोट होतं
तो पंख्याकडे बघत राही.

तिसरा रकाना मंगुबेननं भरला,
फरशी पुसता पुसता, फिनेलच्या वासात.
ताव म्हणजे ताप.
(माझ्याकडे ताव कागदाचा, नाहीतर जेवणावरचा.)
झाडा म्हणजे जुलाब.
एकानं सांगितलं होतं, सवारथी पांच झाडा,
मी केसपेपरवर लिहिलं: शेतमजूर.
रजा म्हणजे घरी सोडणं.
क्यारे रजा आपशो, सगळे विचारत,
जणू मी साहेब आणि ते कारकून.

शरीरमां कळतर, पाद्र्याचे छत्रसिंहकाका म्हणाले,
खाट नंबर अकरा.
मी मान हलवली, हो, कळतं मला.
ते हसले. कशाला, ते रात्री उमगलं,
कळतर तिसऱ्या रकान्यात लिहिताना.
आणि तेव्हाच दिसलं की
कळ येते आणि कळतं
हे दोघं माझ्याच भाषेत भिंतीला भिंत लावून राहत होते,
मी एकोणीस वर्षांत कधी त्यांची गाठ घालून दिली नाही.

काका रोज एक वाक्य तपासून घेत.
माझं छे चुकलं की दोन बोटं वर करत,
बोटाला ऑक्सिजनचा चिमटा.
कसं वाटतंय विचारलं की सारुं छे.
सारुं नसलं तरी सारुं छे.

दिवाळीनंतर परतले तर अकरावर दुसरंच कुणी.
काउंटरपाशी भत्रीजो उभा, हातात कागद.
काका पाछा थया, तो म्हणाला.

पाछा. हा शब्द मला येत होता.
नववं पान, माझंच अक्षर, समोर: परत.
म्हटलं, सारुं, क्यां छे?
आणि मंगुबेनला हाक मारली,
तेरा नंबरवर धुतलेली चादर घाल.

चादर तिच्या हातात तशीच राहिली.
पाछा एटले, ती म्हणाली,
आणि माझ्यासाठी मराठीत काहीतरी शोधू लागली.
शोधताना तिचे ओठ हलत होते.

गेले, मी म्हणाले.
तिनं मान हलवली.

आमच्याकडे माणूस जातो.
विश्वामित्रीच्या काठावर तो मागे वळतो.
कुठल्या घरी, ते कुणी सांगत नाही.

भत्रीज्यानं कागद पुढे केला. इंग्रजी. वाचशो, बेन?
मी वाचला,
पहिल्या रकान्यातून थेट तिसऱ्यात.
दुसऱ्यात थांबले असते
तर आवाज उरला नसता.