सदतिसाव्या अंकानंतर

सदतिसाव्या अंकात चंडोल
पुलाच्या कठड्याला एका हाताने लटकला
आणि मासिक बंद पडलं.
खाली कोपऱ्यात छापलेलं: पुढील अंकी.
भुसावळ स्टेशनच्या स्टॉलवर वर्षभर विचारत राहिले,
मग स्टॉलवालाच बदलला.

आता मी यावलच्या पोस्टात शिक्के मारते
आणि पगार झाला की कुणाकडून तरी
चंडोलचं एक चित्र काढून घेते.
अट एकच. कसाही काढा,
पाय कशावर तरी टेकलेले हवेत.

सावद्याच्या गफूर तडवीने
केळीच्या ट्रकचा फाळका अर्धवट सोडून
कागद मांडीवर घेतला.
छत्रीच्या कापडाचे पंख त्याला पटेनात,
मोराचे दिले. मिशी दिली.
"बिनमिशीचा माणूस रात्री कोणाला वाचवणार, ताई?"
आणि हाताच्या सवयीने
खाली लिहून गेला: फिर मिलेंगे.

भंगाळे सरांनी चौकटी आखल्या,
पोटऱ्यांचे स्नायू मोजून काढले,
सावली डावीकडे, शिस्तीत.
मुखवट्याआडचे डोळे मात्र
शेवटच्या बाकावरच्या मुलाचे.
पैसे घेतले नाहीत. मागच्या बाजूला
स्वतःलाच श्रेणी दिली होती: ब.

पुण्याचा एक मुलगा फोनवर म्हणाला,
निम्मे आधी, बदल दोनदाच करून मिळतील.
फाइल आली. गच्चीवर उभा चंडोल, मागे जांभळी रात्र.
जळगावला छापून घेतली तर
रात्र वांग्याच्या भरतासारखी निघाली.
तशीच ठेवलीय.

सारंगखेड्याच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजारापलीकडे
गोंदणारी म्हातारी बसली होती.
मी कागद पुढे केला.
"कागदले रगत नही, हात दे माय."
हात दिला नाही, माझी छाती झाली नाही.
ती हसली, आणि सुईने कागदच टोचत गेली.
टेबलावर ठेवला तर कोरा.
खिडकीशी धरला
की उजेडाच्या ठिपक्यांचा चंडोल
ओट्यावर बसून चपलेचा अंगठा दुरुस्त करतो.

आई म्हणते, एवढ्यात मिक्सर आला असता.
आला असता.
बावीस चित्रं आहेत. बावीस जणांनी
त्याला बावीस ठिकाणी उभा केला:
बाजार समितीच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीवर,
एकाने तर माझ्याच पोस्टाच्या रांगेत.
आणि रात्री डोळे मिटले की
कठड्यावरची चार बोटं
तशीच, पांढरी पडलेली.

तेविसावं मोहिनी कोळीने काढलं.
नऊ वर्षांची, घर नदीकाठी.
वीस रुपये ठरले.
तिला अट सांगायचं राहून गेलं,
गोष्ट मात्र सगळी सांगितली, पुलापर्यंत.
दुसऱ्या दिवशी कागद काउंटरच्या जाळीतून आत आला.

पूल तोच. कठडा तोच.
चंडोल लटकलेलाच.
मी काही बोलणार, तेवढ्यात
कागदाचा खालचा भाग उलगडला.
वाळू. टरबुजांच्या वाड्या.
एक म्हैस, कंटाळलेली.
गुडघ्याएवढंही नाही असं पाणी,
आणि त्याच्या पायांपासून वाळूपर्यंत
दोन बोटं अंतर.

"मे महिना आहे ना," ती म्हणाली,
"मे महिन्यात तापीले पानी कुठी राहते?
उडी मारून घ्यायची."

मासिकात महिना दिलेला नव्हता.
नदीचं नावही.
घरी जाऊन पत्र्याची पेटी काढली, पाहिलं:
सदतिसावा अंक, मुखपृष्ठावर, किमतीशेजारी,
बारीक अक्षरात, मे.

वीसची नोट दिली तेव्हा
ती पाच परत करत होती,
निळा खडू वापरलाच नाही म्हणून.

चित्र फाइलमध्ये सगळ्यांच्या आधी लावलं.
मग काढून शेवटी लावलं.
सध्या ते बाहेरच आहे,
शिक्क्याच्या शाईच्या डबीखाली,
कडा वर येऊ नयेत म्हणून.