रेघेवर

मशीन आलं तीन खोक्यांतून, स्क्रूंची एक पुडी कमी.
मोपेड विकून घेतलं. शेजारचा रेनार्स म्हणाला,
"या वयात, आउस्मा?"
चौदा वर्षांचा पोर. त्याला वय म्हणजे काय
हे अजून कुणी मोजून दिलेलं नाही.

तळघरात बटाट्यांच्या पेट्या सरकवून जागा केली.
लिएपायाचा वारा दाराखालून येतो,
झाडून काढलेला भुसा परत आणून देतो,
काही विसरलं असेल तर, म्हणून.

मशीन दोन संध्याकाळींत उभं राहिलं.
सॉफ्टवेअरने अख्खा नोव्हेंबर खाल्ला.

एकतीस वर्षं मी ट्राम चालवली,
कारखान्यापासून तळ्यापर्यंत, पुन्हा कारखान्यापर्यंत.
रेघ कुणीतरी आधीच आखलेली, पोलादाची, जमिनीत.
माझ्या हातात वेग आणि घंटा.
इथे पांढरा पडदा आणि एक बाण.
तो माझ्या हुकमाची वाट बघतो
आणि मला तर वळायचीही सवय नाही.

पहिला चौकोन काढला. दिसायला चौकोनच.
प्रोग्राम म्हणाला, बंद नाही.
कुठे उघडा आहे ते सांगेना.
मोठं करत गेले, आणखी मोठं,
तेव्हा एका कोपऱ्यात सापडल्या
दोन रेघा, शेजारी येऊन
न बोलता थांबलेल्या.
आईला पुरलं त्या दिवशी
माझ्या बहिणी उभ्या होत्या तशा.

मग इंच की मिलिमीटर.
मधपेटीवर लावायचा सात नंबर
घराएवढा झाला.
रेनार्स हसून हसून स्टुलावरून घसरला.
मीही हसले, पण जरा उशिरा.

निळ्या रेघा हलतात. माप दिलं की काळ्या होतात,
मग हलत नाहीत.
मला निळ्याच आवडू लागल्या होत्या,
एक टोक ओढलं की सगळं चित्र लवतं,
आलेच, आलेच, म्हणत येतं.
पण बर्चच्या प्लायवूडला असलं काही कळत नाही.
त्याला शेवटचा आकडा लागतो.

"शून्य कुठे ते तुम्हीच ठरवायचं," रेनार्स सांगतो.
माझं शून्य आजवर डेपोत होतं.
आता ते फळीच्या डाव्या कोपऱ्यावर.
पात्याच्या टोकाखाली एक जुनं तिकीट सरकवते,
माझ्या शेवटच्या पाळीला सीटखाली सापडलेलं,
भोक पाडलेलं, म्हणजे कुणीतरी प्रामाणिक.
पातं हळूहळू खाली. तिकीट अडकलं की थांब.
प्रवाशाचं नाव ठाऊक नाही,
पण माझं सगळं खोलीचं गणित
त्याच्या तिकिटाच्या जाडीवर उभं आहे.

आणि दर वेळी तो एकच प्रश्न:
रेघेच्या आत कापू, बाहेर, की रेघेवर?
मी सवयीने "रेघेवर" दाबत राहिले.
एकतीस वर्षं दुसरं उत्तरच नव्हतं.
प्रत्येक आकडा बारीक निघे, आजारातून उठल्यासारखा.
पात्यालाही जाडी असते, रेनार्स म्हणाला,
तीन मिलिमीटर. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
जी रेघ तुम्ही काढता ती त्याला दिसत नाही,
त्याला फक्त स्वतःची वाट दिसते.
या पोराला कुणी शिकवलं हे?

काल रात्री "बाहेर" दाबलं.
मशीन ओरडत निघालं, वरच्या मजल्यावरच्या
झेनिताने फरशीवर टाच आपटली,
मी सवयीने घंटा शोधली, नव्हती.

एक, दोन, तीन नीट आले.
चारला काहीतरी टपकन पडलं.
चारच्या पोटातला त्रिकोण.
आरपार कापलं की तो धरून राहायला काही उरत नाही,
हे पडद्यावर कुठे दिसतं?
तिथे सगळंच तरंगत असतं.

चार नंबरच्या पेटीवर आता
भोक असलेला चार लागेल.
मधमाश्यांना वाचता येत नाही, बरंय.
त्रिकोण कोटाच्या खिशात आहे, तिकिटाशेजारी.
सकाळी दुकानात सँडपेपर आणायला जाताना
ट्रामने गेले, पैसे देऊन,
आणि वळणावर, नको म्हटलं तरी,
उजवा पाय ब्रेक शोधत राहिला.